कुंपणच शेत खातं तेव्हा

  भाकरी थापत असाल तर थापत ऐका, शेंगा फोडत असाल तर फोडत ऐका. आज आम्ही कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही, शेळीपालनाबद्दलही नाही. आज रक्ताच्या एका तपासणीबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात आमच्या एका चुकीपासून करतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा आम्हाला हक्क नाही.

आमच्या गटात एक ताई आहेत. नाव सांगत नाही, पण त्यांना विचारूनच हे बोलतो आहोत. खुरपायला बसल्या की त्यांची पात सगळ्यांच्या पुढे. गटाची बैठक संध्याकाळी पाचला असली की पावणेपाचला सतरंजी घालून तयार. अशा बाईला एका वर्षात काय झालं कोण जाणे. बैठकीला उशिरा यायला लागल्या. मग येईनाशाच झाल्या. आल्या तरी भिंतीला टेकून बसायच्या, बोलता बोलता डुलकी लागायची. हप्ता किती भरला हे विसरायच्या. वैशाखातही अंगावर शाल. चेहरा सुजल्यासारखा, आवाज बसलेला, विंचरताना केसांचा पुंजका हातात. पाळी आली की दहा-दहा दिवस जात नव्हती.

आम्ही काय केलं? आम्ही दंड लावला. गैरहजेरीचे दहा रुपये, दर बैठकीला. हजेरीच्या वहीत तो लाल शाईनं लिहिलेला आहे, अजून दिसतो. घरात सासू म्हणायची, अंगचोर झाली. नवरा म्हणायचा, खाऊन खाऊन सुटली. शेजारीण म्हणाली, कुणीतरी काहीतरी केलंय, बाहेरचं बघा. एक लिंबू उतरवून झाला, एक कोंबडं देऊन झालं. आणि आम्ही, बाईनं बाईच्या पाठीशी उभं राहायचं म्हणून ज्यांनी गट काढला, त्या आम्ही पावती फाडत होतो.

शेवटी उपकेंद्रावरच्या सिस्टरनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. रक्तदाब मोजायला त्या गेल्या होत्या. सिस्टरनं गळ्यावरून हात फिरवला, पाणी गिळायला सांगितलं आणि म्हणाली, "मावशी, थायरॉईड तपासायला पाहिजे. तालुक्याला जा." तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, एक दिवसाची मजुरी बुडणार, आणि तपासणी बाहेरून करावी लागली तर तिचे पैसे. त्यांनी गटाकडे दोन हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. तुम्हाला खरं सांगतो, त्या बैठकीत दोन तास वाद झाला. "ताप नाही, जखम नाही, हाड मोडलं नाही. दिसत नाही त्या आजाराला कर्ज कशाला?" हे आमच्यापैकीच एकीचे शब्द आहेत. शेवटी एका मताच्या फरकानं कर्ज मंजूर झालं.

रिपोर्ट आला. थायरॉईडचं काम जवळजवळ बंद पडलेलं. आणि खाली आणखी एक ओळ होती, अँटी-टीपीओ, पुढे मोठा आकडा. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "तुमच्या शरीराचं संरक्षण करणाऱ्या शक्तीनंच तुमच्या थायरॉईड ग्रंथीवर हल्ला केला आहे."

ताई घरी येऊन आम्हाला म्हणाल्या, "म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं."

त्यांच्याइतकं सोपं करून आम्हाला सांगता येणार नाही. पण हे कुंपण म्हणजे काय, ते शेत का खातं, आणि ते पहिल्यांदा कुणी ओळखलं, याची गोष्ट आम्ही नंतर वाचली, विचारून घेतली. ती आज सांगतो. कारण त्या गोष्टीतही एक बाई आहे.

आधी कुंपण समजून घेऊ. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरून जंतू शिरला की त्यांतल्या काही पेशी एक पदार्थ तयार करतात. त्याला प्रतिपिंड म्हणतात, अँटीबॉडी म्हणतात. कुलपाला जशी ठरलेली किल्ली, तशी ज्या त्या जंतूला ज्याची त्याची अँटीबॉडी. ती जंतूला जाऊन चिकटते, आणि मग बाकीच्या पेशींना कळतं, हा परका आहे, याला संपवा. बाळाला आपण लस टोचतो ती यासाठीच, की कुंपणाला शत्रूची ओळख आधीच व्हावी.

या सगळ्यात मोठी गोष्ट कोणती? आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखणं. राखणदारानं रानडुकराला हाकलायचं, पण घरच्या गाईला मारायचं नाही. बहुतेक वेळा शरीर हे बरोबर करतं. पण कधी कधी ओळख चुकते. मग कुणाच्या सांध्यांवर हल्ला होतो, कुणाच्या कातडीवर, कुणाच्या थायरॉईडवर. याला ऑटोइम्यून आजार म्हणतात, स्वयंप्रतिकार आजारही म्हणतात. एक लक्षात ठेवा, हा आजार शिवल्यानं, ताटात जेवल्यानं, एकत्र राहिल्यानं कुणाला होत नाही. करणी नाही, कोप नाही, आणि मागच्या जन्मीचं पापही नाही. घराण्यात असेल तर होण्याची शक्यता थोडी वाढते, एवढंच.

आता गोष्टीकडे येऊ. शंभरएक वर्षांपूर्वी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटायचं की असं घडणारच नाही. जर्मनीत पॉल एर्लिक नावाचे फार मोठे संशोधक होते, नोबेल मिळालेले. त्यांचं म्हणणं होतं की स्वतःलाच विष घालण्याची शरीराला धास्ती असते, त्यामुळे शरीर तसं होऊ देत नाही. त्यांच्या शब्दाला वजन होतं. पुढची पन्नासएक वर्षं बहुतेकांनी तेच धरून ठेवलं. गावात पाटील एकदा बोलला की दुसरं कुणी बोलत नाही, तसंच ते.

१९१२ साली जपानमध्ये हाकारू हाशिमोतो नावाच्या एका तरुण डॉक्टरनं चार रुग्णांबद्दल लेख लिहिला. चौघींच्या गळ्याला गाठ होती. चौघी बायकाच होत्या. त्यांच्या थायरॉईडचा काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो पांढऱ्या पेशींनी गच्च भरलेला. या पेशी तिथं काय करतात, हे त्या वेळी कळलं नाही. हाशिमोतो पुढे आपल्या गावाकडे परतले आणि गावातच डॉक्टरकी करत राहिले. १९३४ साली विषमज्वरानं गेले. आपल्या नावानं जगभर एक आजार ओळखला जाईल, हे त्यांना कळलंही नसेल. आपल्याकडे आज रिपोर्टवर "हाशिमोटो" असं लिहिलेलं दिसतं, तो हाच भला माणूस.

आणि त्याच १९१२ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात एका मुलीचा जन्म झाला. तिचं नाव डेबोरा. लग्नानंतरचं नाव डेबोरा डोनियाक. वडील पियानो वाजवणारे, आई नृत्य शिकवणारी. डेबोराबाईंचं लग्न १९३३ साली झालं. लग्न झालं म्हणून त्यांनी शिक्षण सोडलं नाही. संसार सांभाळत लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं आणि १९४५ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या. आमच्या गटात कितीतरी जणी तिशी ओलांडली की म्हणतात, "आता काय शिकायचं, आमचं वय गेलं." त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डेबोराबाई थायरॉईडच्या रुग्णांकडे बघायच्या. त्या वेळी गळ्याला अशी गाठ आली की पुष्कळदा चिरफाड करून थायरॉईड काढून टाकत. डेबोराबाई ऑपरेशनच्या आधी आणि नंतर रक्त तपासायच्या, आणि वहीत नोंद ठेवायच्या. आपण हजेरी ठेवतो तशी. त्या नोंदींतून त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. हाशिमोतोचा आजार असलेल्या बायकांच्या रक्तात एक प्रकारची प्रथिनं फार वाढलेली असत. गॅमा ग्लोब्युलिन त्यांचं नाव. अँटीबॉडी असतात त्या याच प्रथिनांत. आणि थायरॉईड काढून टाकला की काही काळानं ती प्रथिनं खाली येत.

आता विचार करा. गाठ गळ्यात, आणि वाढ रक्तात. गाठ काढली की रक्तातली वाढही उतरते. म्हणजे या दोघांचा काहीतरी संबंध असलाच पाहिजे. त्यात तुकड्याखाली त्या पांढऱ्या पेशी दिसतच होत्या. शरीर त्या गाठीतच कुणाविरुद्ध तरी हत्यार तयार करत होतं. पण शत्रू कोण? जंतू तर सापडत नव्हता.

त्यांच्याबरोबर आयव्हन रॉइट आणि पीटर कॅम्पबेल हे दोन संशोधक काम करत होते. त्यांना एक साधा प्रयोग सुचला. थायरॉईडचा अर्क घ्यायचा, त्यात या रुग्णाच्या रक्तातला निवळ घालायचा, आणि बघायचं. निवळ म्हणजे रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहतं ते. त्यांनी तसं केलं, आणि नळीत पांढरा साका धरला. दुधात लिंबू पिळल्यावर फुटतं, तसं काहीतरी डोळ्यांना दिसलं. अँटीबॉडी आणि ती ज्याला चिकटते तो पदार्थ एकत्र आले की असाच साका धरतो. म्हणजे या बाईच्या रक्तात जी अँटीबॉडी होती, ती कुठल्या जंतूविरुद्ध नव्हती, थायरॉईडविरुद्धच होती. कुंपण शेत खात होतं, आणि त्याचा पुरावा काचेच्या नळीत होता.

१९५६ साली हे लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याच वर्षी अमेरिकेत बफेलो शहरात नोएल रोझ नावाच्या तरुण संशोधकानं आपले गुरू अर्नेस्ट विटेब्स्की यांच्याबरोबर सशांवर प्रयोग करून तेच दाखवलं, की सशाला थायरॉईडचा अर्क टोचला तर त्याचं शरीर स्वतःच्याच थायरॉईडला इजा करू लागतं. समुद्राच्या दोन बाजूंना, दोन वेगळ्या तुकड्यांनी, एकाच वर्षी एकच गोष्ट सिद्ध केली. पन्नास वर्षांचा मोठा शब्द खाली ठेवावा लागला. डेबोराबाई आणि रॉइट यांना पुढे १९६४ साली कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार मिळाला.

डेबोराबाई तिथंच थांबल्या नाहीत. हाच धागा धरून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी यकृताच्या एका आजाराची अँटीबॉडी शोधली. त्या कामात शीला शेरलॉक या यकृताच्या थोर डॉक्टर बाईंचाही हात होता. १९७४ साली लहान मुलांना होणाऱ्या मधुमेहात शरीर स्वादुपिंडावर कसा हल्ला करतं, त्याची अँटीबॉडी त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसली. २००४ साली डेबोराबाई गेल्या. आपल्या ताईंच्या रिपोर्टवर "अँटी-टीपीओ" ही जी ओळ आहे, तिचं मूळ त्या काचेच्या नळीत आहे.

आता ती ओळ म्हणजे नक्की काय, हे बघू. कारण इथून पुढे आमची दुसरी गोष्ट सुरू होते. पहिल्या गोष्टीत तपासणी उशिरा झाली म्हणून हाल झाले. दुसऱ्या गोष्टीत तपासणी झाली, पण समजली नाही, म्हणून हाल झाले.

शेजारच्या गावात आरोग्य शिबिर झालं. "एका सुईत सगळ्या तपासण्या" असं सांगून बायकांकडून पैसे घेतले गेले. रिपोर्ट मोबाइलवर आले, समजावून सांगायला कुणी नव्हतं. एका नव्या सुनेच्या रिपोर्टवर "अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह" असं आलं. मैत्रिणींनो, आपल्या गावाकडे "पॉझिटिव्ह" हा शब्द कसा ऐकला जातो, तुम्हाला माहीत आहे. एचआयव्हीच्या वेळी ऐकला, करोनाच्या वेळी ऐकला. सासरच्यांनी मुलीला आठ दिवसांत माहेरी पाठवलं. "हिला मोठा आजार आहे, तुम्ही लपवलात." तिची टीएसएच अगदी बरोबर होती. तिला कसलाच त्रास नव्हता. औषधाची एक गोळीही लागणार नव्हती.

म्हणून हे नीट ऐका. थायरॉईडच्या दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि त्या दोन वेगळे प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न, थायरॉईड काम करतो का? त्याचं उत्तर टीएसएच देते. मेंदूच्या खाली एक छोटी ग्रंथी आहे, ती थायरॉईडला कामाचा निरोप पाठवते. तो निरोप म्हणजे टीएसएच. थायरॉईड नीट काम करत असेल तर निरोप थोडकाच लागतो. थायरॉईड थकला की निरोपावर निरोप जातात, थकबाकीदाराला नोटिसा जातात तशा. म्हणून टीएसएच वाढली की बहुतेक वेळा समजायचं, थायरॉईड कमी पडतोय. सोबत टी-फोर बघतात, ते म्हणजे थायरॉईडनं प्रत्यक्ष तयार केलेलं द्रव्य.

दुसरा प्रश्न, थायरॉईड का कमी पडतोय? त्याचं उत्तर शोधायला अँटी-टीपीओ मदत करते. ती असली तर समजतं की कुंपण शेताकडे वळलं आहे. पण वळलं म्हणजे शेत संपलं असं नाही. चांगल्या धडधाकट बायकांतही दहांत एखाद-दुसरीच्या रक्तात ही अँटीबॉडी सापडते. त्यांतल्या कितीतरी जणींना जन्मभर काही होत नाही. काहींचा थायरॉईड पुढे कधीतरी थकतो. म्हणून अँटीबॉडी आहे, पण टीएसएच ठीक आहे, अशा बाईनं काय करायचं? डॉक्टरांना एकदा दाखवायचं, वर्षातून एकदा टीएसएच करायची, आणि आपल्या कामाला लागायचं. गरोदर राहायचं असेल किंवा दिवस गेले असतील तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगायचं. आणि ती अँटीबॉडीची तपासणी पुन्हा पुन्हा करायची गरज नसते. आकडा पाचशेचा सहाशे झाला म्हणून उपचार बदलत नाही. उपचार टीएसएच बघून ठरतो. हे कळलं तर आपले कष्टाचे पैसे वाचतील.

असंच सांध्यांच्या बाबतीत. आरए फॅक्टर नावाची तपासणी असते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आमवात झालाच असं नाही. म्हाताऱ्या, निरोगी माणसांत ती पॉझिटिव्ह येऊ शकते, क्षयरोगासारख्या दुखण्यातही येते. आणि उलटही घडतं, आमवात असतो आणि ही तपासणी निगेटिव्ह येते. म्हणून डॉक्टर अँटी-सीसीपी नावाची आणखी एक तपासणी सांगतात, ती आमवाताच्या जास्त जवळ जाते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचे हात. सकाळी उठल्यावर बोटांचे, मनगटाचे सांधे तासभर आखडलेले राहतात का? दोन्ही हातांना सूज आहे का? चुलीजवळ बसल्यावर, काम केल्यावर मोकळे होतात का? असं सहा आठवडे चाललं असेल तर वाट बघू नका. आमवात लवकर ओळखला तर औषधानं सांधे वाचतात. उशीर झाला आणि बोटं वाकडी झाली की ती सरळ होत नाहीत. वयानं गुडघे झिजणं वेगळं आणि हे वेगळं.

इथं एक विनवणी. बाजारात, जत्रेत "वातावर जालीम" म्हणून पुड्या मिळतात, बिननावाच्या गोळ्या मिळतात. दोन दिवसांत बरं वाटतं. बरं वाटतं कारण त्यांत पुष्कळदा स्टेरॉईड मिसळलेलं असतं. महिनोन्‌महिने घेतलं की तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. स्टेरॉईड हे वाईट औषध नाही, डॉक्टर गरजेला देतात, मोजून देतात. पण कोण किती देतंय हे माहीत नसताना घेणं म्हणजे न वाचता कर्जाच्या कागदावर अंगठा देणं. आणि अशा पुड्या फार दिवस घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, लाजू नका.

हे आजार बायकांनाच जास्त का होतात, असं आम्हाला प्रत्येक बैठकीत विचारतात. ऑटोइम्यून आजारांच्या दहा रुग्णांत साधारण आठ बायका असतात. ल्युपस नावाचा एक आजार आहे, कातडी, सांधे, मूत्रपिंड धरणारा, त्यात तर एका पुरुषामागे नऊ बायका. बायकांची संप्रेरकं, बायकांची गुणसूत्रं, यांचा त्यात वाटा आहे असं संशोधक मानतात. पूर्ण कोडं अजून सुटलेलं नाही. पण आपल्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. घरात "हिचं नेहमीचंच आहे" असं जिच्याबद्दल म्हटलं जातं, तिच्याकडे आधी बघायचं.

आता कामाच्या गोष्टी. कागद असेल तर लिहून घ्या, नसेल तर पोरीला लिहायला सांगा.

थकवा, विनाकारण वाढलेलं वजन, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, केस गळणं, पाळी जास्त जाणं, विसरभोळेपणा, यांतलं दोन-तीन एकत्र आणि महिना-दोन महिने असेल तर टीएसएच करून घ्या. आधी सरकारी दवाखान्यात विचारा, आशाताईंना विचारा, मगच खाजगीत जा. थकवा रक्त कमी असल्यानंही येतो, म्हणून हिमोग्लोबिनही बघा.

गोळी सुरू झाली तर ती सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्यानं. चहा अर्ध्या-पाऊण तासानं. रक्तवाढीची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी, एकत्र नाही, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. आमच्या ताई तिन्ही गोळ्या एका घोटात घ्यायच्या आणि म्हणायच्या, फरक पडेना.

सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करतात आणि गोळीची मात्रा ठरवतात. बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका. ही गोळी म्हणजे नशा नाही, सवय लागणारं काही नाही. थायरॉईड जे तयार करायचा, तेच आपण बाहेरून देतो. विहीर आटली की टँकर लागतो, तसं.

दिवस गेले की थायरॉईडची गोळी चालू असलेल्या बाईनं त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगायचं. पहिले तीन महिने बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असतो, आणि गोळीची मात्रा बहुतेक वेळा वाढवावी लागते. वारंवार गर्भ पडत असेल तर बाईला बोल लावण्याआधी तिची तपासणी करा.

आणि मीठ आयोडीनचंच वापरा.

शेवटी, तुम्ही विचाराल, त्या दोघींचं काय झालं. सूनबाईंच्या घरी आम्ही चौघी गेलो, सोबत आशाताई आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम. मॅडमनी सासू-सासऱ्यांसमोर कागद ठेवून दोन्ही ओळींचा अर्थ सांगितला. सासू म्हणाल्या, "आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही." त्या खरं बोलत होत्या. मुलगी परत आली आहे. पण त्या दोन महिन्यांत तिनं जे सोसलं, ते आम्हाला परत घेता येत नाही. आता ती वर्षातून एकदा टीएसएच करते आणि आमच्या शिलाईच्या कामात आहे.

आणि आमच्या ताई? तीन-चार महिन्यांत त्यांच्या चेहऱ्याची सूज उतरली. कर्ज त्यांनी सगळ्यांच्या आधी फेडलं. या पावसाळ्यात खुरपायला आल्या तर पात पुन्हा पुढे. त्यांच्या दंडाचे एकशे साठ रुपये आम्ही बैठकीत सगळ्यांसमोर परत केले. त्या घेईनात. म्हणाल्या, "राहू द्या गटात, दुसरीच्या तपासणीला लागतील." त्या पैशांत दरमहा प्रत्येकीनं पाच रुपये टाकायचे असं ठरलं, आणि तपासणीसाठी वेगळा डबा केला. हजेरीचा नियमही आम्ही बदलला. लागोपाठ दोन बैठकांना कुणी आली नाही तर आता दंड नाही. आधी दोघींनी तिच्या घरी जायचं, बसायचं, विचारायचं, "बाई, तुला काय होतंय?"

लंडनच्या त्या डेबोराबाईंनी मोठं काम केलं. तिची सुरुवात मात्र त्यांनी रुग्ण बायकांकडे लक्ष देऊन बघण्यातून आणि वहीत नीट नोंद ठेवण्यातून झाली. नोंद आम्हीही ठेवत होतो. बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

तुमच्या गटाच्या वहीत लाल शाईनं कुणाचं नाव आहे, ते पुढच्या बैठकीत एकदा बघा. आणि बैठक संपली की तिच्या दारात जाऊन या.

रामराम.